अंगात साठलेले लोखंड

रक्त तांबडे दिसते ते त्यातल्या लोखंडाच्या अंशामुळे. त्याला लोह म्हणतात. लोह कमी पडले की माणूस फिका पडतो, त्याला दम लागतो. हे आपल्याला ठाऊक आहे. पण लोह जास्त झाले, तर तेही वाईटच बरं का!

अन्नातून रोज एक-दोन मिलिग्रॅम लोह अंगात मुरते आणि जवळजवळ तेवढेच बाहेर पडते. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराला नाही. आता थॅलेसेमिया झालेले मूल घ्या. हा आजार जन्मापासूनचा. अंगात पुरेसे चांगले रक्त तयार होत नाही. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचे रक्त चढवावे लागते. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते! रक्त दिले नाही तर मूल जगत नाही, आणि दिले की लोह साठते. ते हृदयात साठते, यकृतातही साठते. खाटकाकडे कलेजी मिळते ना, तेच यकृत. आपले यकृत उजव्या बरगड्यांखाली असते.

यकृत मोठे सोशीक. बरेच बिघडले तरी दुखत नाही. म्हणून खुणांची वाट पाहू नये. फेरिटिन नावाची रक्ताची तपासणी दर तीन महिन्यांनी करावी. लोह बाहेर काढणारे औषध मिळते. ते डॉक्टर सांगतील तसे, न चुकता द्यावे. 'पोर तर चांगलं खेळतंय, औषध कशाला?' असे म्हणून ते बंद करतात, तिथेच घात होतो. आणि लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक आपल्या मनाने मुळीच देऊ नये.

कातडी काळवंडते. आपण म्हणतो, उन्हाने रापला. मूल वाढत नाही, वेळेवर वयात येत नाही. छाती धडधडते. तहान आणि लघवी वाढली, तर मधुमेहाची शंका घ्यावी.

यकृत फार बिघडले की डोळे जास्त पिवळे होतात, पाय सुजतात. पोटात पाणी भरून ते टम्म होते, हातपाय मात्र काड्या. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्यात दिवस घालवू नयेत, असे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. रक्ताची उलटी झाली, शौचाला डांबरासारखे काळे झाले, किंवा रोगी बरळू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्या. रक्त चढवल्याची वही बरोबर घ्या.