विहीर खणणारा

अमेरिकेत हिवाळा लागला, की बेसबॉलची मैदाने ओस पडतात आणि निराळाच खेळ रंगतो. करारातून मोकळा झालेला कोणता खेळाडू कोणाकडे जाणार? 2024 च्या डिसेंबरात हुआन सोटो यांकीज सोडून न्यूयॉर्कच्याच मेट्स संघात गेला, तो 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख डॉलरांच्या बोलीवर! आपले तर डोळेच पांढरे व्हावेत.

पण वाचकहो, ही मोकळीक कुणा धन्याने खुशीने दिलेली नाही. पूर्वी करारातल्या एका कलमाच्या जोरावर मालक खेळाडूला जन्मभर बांधून ठेवी, मनात येईल तेव्हा दुसऱ्याला देऊन टाकी. 1969 मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला असेच फिलाडेल्फियाला धाडण्यात आले. वर्षाला 90,000 डॉलर मिळवणाऱ्या त्या कृष्णवर्णीय खेळाडूने साफ नकार दिला आणि कोर्ट गाठले. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. खेळ तर तोवर सुटलाच होता. पुढे 1975 मध्ये लवादाने मेसरस्मिथ व मॅकनॅली या दोघांना मोकळे ठरवले आणि ते बंधन तुटले.

फ्लड 1997 मध्ये वारला. विहीर खणणारा तहानलेलाच गेला. पाणी मात्र आजही उपसले जात आहे.