जयंतीच्या वर्गणीतून समजून घेऊ ‘टू सम’

पिंपळनेरसारख्या गावातून धुळे, नाशिक, पुण्याला इंजिनिअरिंगसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींची नोकरीची पहिली गाठ कोडिंग चाचणीशी पडते. खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. तिथे ही चाचणी पार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि महागडे क्लास सगळ्यांना परवडत नाहीत. म्हणून अशा चाचण्यांत वारंवार येणारा एक प्रश्न आम्ही इथे मांडत आहोत. लीटकोडवर तो पहिल्याच क्रमांकावर आहे: आकड्यांच्या यादीतून, म्हणजे अ‍ॅरेमधून, ठरावीक बेरीज होणारे दोन आकडे शोधा आणि त्यांच्या जागा सांगा.

१४ एप्रिल आटोपला की मंडळात हिशेब होतो. समजा, पावत्यांच्या मानाने रोकड ६५२ रुपयांनी कमी भरली. दोघांनी पावती घेतली, पण पैसे ‘नंतर देतो’ म्हणाले, एवढेच खजिनदाराला आठवते. ते दोघे कोण?

सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक पावती उरलेल्या प्रत्येक पावतीशी जोडून पाहणे. ४०० पावत्या असतील तर ७९,८०० जोड्या होतात. १०,००० असतील तर जवळपास पाच कोटी! उत्तर बरोबर येते, पण चाचणीत वेळ संपल्याचा संदेश झळकतो. आपली अनेक मुले इथेच अडकतात आणि ‘आपल्याला जमत नाही’ असे धरून बसतात. खरे तर प्रश्न उलटा विचारायचा राहिलेला असतो.

हातात १५१ ची पावती आहे. मग जोडीदार ५०१ चाच हवा, कारण ६५२ वजा १५१ म्हणजे ५०१. आता एवढेच पाहायचे की ५०१ आधी येऊन गेला का? त्यासाठी पाहिलेले आकडे त्यांच्या जागांसह एका वहीत नोंदवत जायचे. ही वही म्हणजे हॅश मॅप. पायथॉनमध्ये तिला डिक्शनरी म्हणतात. आकड्यावरूनच त्याची नोंद कुठे असेल हे काढता येते, त्यामुळे सगळी वही चाळावी लागत नाही. ही कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्येच मांडली होती.

यादी घेऊ: १०१, २५१, ५०१, ३५१, १५१. १०१ ला ५५१ हवा, वहीत नाही; १०१ नोंदवा. २५१ ला ४०१ हवा, नाही. ५०१ ला १५१ हवा, अजून आलेला नाही. ३५१ ला ३०१, नाही. १५१ ला ५०१ हवा, तो वहीत आहे. मोजणी शून्यापासून असल्याने उत्तर २ आणि ४. एकच फेरी, ४०० पावत्यांना फार तर ४०० पावले. बदल्यात वहीपुरती मेमरी जास्त लागते. हे मुलाखतीत आपणहून सांगावे.

क्रम मात्र चुकवू नका: आधी शोधायचे, मग नोंदवायचे. बेरीज ५०२ हवी आणि २५१ ची पावती एकच असेल, तर आधी नोंदवणारा प्रोग्राम त्याच पावतीची स्वतःशीच जोडी लावेल.

आणखी एक. खऱ्या वर्गणीत १०१ आणि ५०१ च्या पावत्या ढीगभर असतात, त्यामुळे जोड्याही अनेक निघतील. म्हणून कोड लिहिण्याआधी समोरच्याला विचारा: ‘उत्तर एकच आहे का? यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे का?’ लावलेली असेल तर वहीही नको. एक बोट पहिल्या आकड्यावर, दुसरे शेवटच्यावर ठेवा. बेरीज कमी भरली तर डावे बोट पुढे, जास्त झाली तर उजवे मागे.