आधी स्क्रीन बंद करून पाहा

"मॅडम, लोणारचं पाणी गुलाबी झालं, तर लोकांना त्याचं एवढं नवल का वाटलं?"

विचारणारा सहावीतला, जन्मापासून दृष्टी नसलेला. रंग त्यानं कधी पाहिलेला नाही, पण २०२०च्या जूनमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या सरोवरावर सगळे का बोलत होते, हे त्याला समजून घ्यायचं होतं. मी विशेष शिक्षिका आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांमधून फिरते. त्याच प्रश्नावर मी एक वेबक्वेस्ट तयार करायला घेतली.

ही पद्धत अमेरिकेतल्या सॅन दिएगो स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक बर्नी डॉज यांनी १९९५ साली मांडली. मुलांना "इंटरनेटवर शोधा" म्हणून मोकळं सोडायचं नाही. एक खरा प्रश्न द्यायचा, प्रत्येकाकडे एकेक काम सोपवायचं, आणि माहिती कुठं मिळेल ती पानं शिक्षकानं आधीच निवडून ठेवायची. मुलांचा वेळ धुंडाळण्यात न जाता विचार करण्यात जावा, एवढाच हेतू.

मी नऊ पानं निवडली. त्यानं हेडफोन लावले, एनव्हीडीए सुरू केलं. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारी ही प्रणाली. पहिल्याच पानावर ती म्हणू लागली, "ग्राफिक, ग्राफिक, लिंक." फोटो सुंदर होते, पण त्यांचं वर्णन कुणी लिहिलेलंच नव्हतं. दुसरं पान मराठी होतं, मला स्वच्छ वाचता येत होतं. पण ते कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. तिथं आपल्याला 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी 'डी' असतं. यंत्र बिचारं जे आहे तेच वाचणार. पोरानं हेडफोन काढून ठेवले. "मॅडम, हा काहीतरीच बोलतोय." त्याचा पडलेला चेहरा मी विसरले नाही. चूक माझी होती.

त्या रात्री घरी लॅपटॉपची स्क्रीन बंद केली आणि सगळी वाट कानांनी चालून पाहिली. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक. नऊपैकी सहा पानं मी काढून टाकली. त्यांतल्या दोन पानांचा मजकूर मात्र युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला.

एनव्हीडीए २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं लिहायला घेतलं. जेम्स टे हा त्याचा अंध मित्र पुढं सोबतीला आला. विकतच्या प्रणालींना हजारो रुपये पडतात, हे फुकट आहे. म्हणून तर आमच्या जुन्या लॅपटॉपवर ते चालतंय.

वेबक्वेस्टमध्ये त्या मुलाच्या जोडीला वर्गातलीच एक मुलगी होती. हुशार, पण जोडाक्षर आलं की अडखळणारी. अध्ययन अक्षमतेला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं एकवीस दिव्यांगत्वांत जागा दिली, पण वर्गात अजून तिला 'लक्ष नसतं' असंच म्हणतात. तिच्यासाठी तीच पानं मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये जास्त जागा सोडून लावली. संगणक वाचे तसा एकेक शब्द उजळत जाई आणि ती मागोमाग वाचे. उत्तरं ती बोलून टाइप करायची.

पाण्याची चौकशी त्याच्याकडे, खड्ड्याची तिच्याकडे. उल्का आदळून हे विवर झालं, हे तिनं मातीत करून दाखवलं. तो बोटानं कड चाचपत राहिला.

"काठ बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच का गं?"

"आतले दगड उडून तिथंच पडले ना!"

आणि त्याचं उत्तर? पाणी आटलं, खारटपणा वाढला, मिठात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्यानं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून हेच सांगितलं होतं. त्यानं ते स्वतः टाइप केलं आणि खाली एक वाक्य जोडलं: 'म्हणजे लोकांना रंग दिसला, पण बदललं होतं मीठ.'

तुम्ही शाळेची सूचना, संस्थेचा अहवाल, गावाची माहिती असं काही टाइप करत असाल, तर युनिकोडमध्ये करा. चित्र टाकलंत तर त्यात काय आहे ते दोन ओळींत लिहा. आणि कागदाचा नुसता फोटो काढून पाठवू नका. या मुलाच्या हेडफोनमध्ये त्या अख्ख्या कागदाचा एकच शब्द पोचतो: ग्राफिक.