रंग शेजाऱ्यावरून ठरतो

मेकअपवर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. त्याचं कारण आधी सांगतो.

आमच्या मुलीचं लग्न इथेच रोह्यात झालं. ती सावळी. मेकअप करणाऱ्या बाईंनी तिला दोन छटा उजळ केलं. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं 'भास आणि सत्य' शिकवलं, पण त्या दिवशी गप्प बसलो. फोटोत चेहरा राखेसारखा आणि मान वेगळीच आली. तो अल्बम ती अजून कोणाला दाखवत नाही.

असं का होतं? पावडर-फाउंडेशनमध्ये टिटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांसारखी पांढरी द्रव्यं असतात. त्यांचा पातळ थर गडद पृष्ठभागावर निळसर-करडा दिसतो. खूप पाणी घातलेलं दूध काळ्या वाटीत ओतून बघा, तशीच निळसर झाक दिसेल.

आता पेणला चला. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत बघा. एकाच डब्यातला अंगाचा रंग दोन मूर्तींना दिलेला असतो. पण जांभळ्या शेल्याशेजारी तो पिवळसर वाटतो, आणि भगव्याशेजारी फिका. रंग तोच, शेजारी बदलला.

फ्रान्समध्ये शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. गोब्लँच्या कारखान्यात चित्रांचे पडदे विणले जात, तिथली रंगाई ते बघत. तक्रार आली की काळा रंग फिका पडतो. त्यांनी तपासलं, तर काळ्यात दोष नव्हता. शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. यावर त्यांचा ग्रंथ 1839 साली निघाला.

चित्रकार तीन जोड्या मानतात: लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा. जोडीतले रंग शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात, आणि एकमेकांत मिसळले की एकमेकांना मारतात. मेकअपचं बरंचसं शास्त्र एवढ्यात आलं. डोळ्यांखालचं निळसर काळं झाकायला पांढरं लावू नका. आधी नारिंगी झाक असलेलं कन्सीलर थोडंसं लावा. लाल पुटकुळीवर हिरवट लावा. हिरव्या शालूशेजारी चेहऱ्यातली लाली जास्त जाणवते, म्हणून गालावरचा रंग बेतानं लावा.

फाउंडेशन मनगटावर लावून निवडू नका. जबड्याच्या कडेला लावा, दारात उजेडात या, आणि मानेशी मिळतंय का ते बघा. लावलेलं जिथे दिसेनासं होईल, ती तुमची छटा. दुकानातल्या दिव्याखाली पसंत केलेली छटा उन्हात वेगळी दिसू शकते.

रंगचक्रात कुठलाही रंग वरचा नाही की खालचा नाही. 'उजळ म्हणजे चांगला' हे आपण बाहेरून आणून घातलं, आणि सावळ्या मुलींच्या तोंडावर थापलं. घरात लग्न असेल, तर मेकअप सुरू होण्याआधी मुलीलाच विचारा, तिला कसं दिसायचंय. आम्ही विचारलं नव्हतं.

इथेच थांबतो.