अन्‌पान : सामुराईच्या भट्टीतील गोड पाव

जपानी खाद्यपदार्थ म्हटले की परक्यांच्या डोळ्यांपुढे कच्ची मासळी आणि भाताचे मुटके उभे राहतात. तथापि खुद्द जपानात आबालवृद्धांच्या रसनेवर ज्याने दीर्घकाळ अधिराज्य गाजविले, तो ‘अन्‌पान’ म्हणजे पुरण भरलेला एक साधा गोड पाव होय. मेजी राज्यक्रांतीने सामुराईंचा परंपरागत पेशा मोडकळीस आणला, त्या धामधुमीत किमुरा यासुबेई या सामुराई गृहस्थाने १८६९ मध्ये तोक्योत पावाची भट्टी घातली. परंतु पाश्चात्त्य धाटणीचा पाव स्वदेशीयांना रुचेना, म्हणून १८७४ मध्ये त्याने तांदूळ व कोजी बुरशी यांपासून सिद्ध होणाऱ्या साकेच्या आंबवणाने कणीक फुगवून तीत अझुकी या लाल कडधान्याचे साखरेत घोटलेले पुरण भरले. ४ एप्रिल १८७५ रोजी, दरबारी सेवेतील यामाओका तेश्शू यांच्या मध्यस्थीने, हा पाव मेजी सम्राटांपुढे नजराणा म्हणून पेश झाला, तेव्हा त्याच्या मध्यावरील खोलगट बेंबीत मिठात मुरविलेले चेरीचे फूल बसविलेले होते. गोडास खाऱ्याची ही जोड आम्हांस पुरणाहूनही मार्मिक वाटते.

पुढे १९०४ मध्ये नाकामुराया या पेढीने पुरणाऐवजी दुधाअंड्यांचे क्रीम भरले. आपले क्रांतिकारक रासबिहारी बोस या पेढीच्या मालक घराण्याचेच जावई, आणि १९२७ पासून तेथे मिळू लागलेली ‘भारतीय करी’ त्यांच्याच प्रेरणेची.

चेरीफुलाचा तो पाव किमुराच्या ‘किमुराया’ या पेढीच्या गिंझातील दुकानात आजही मिळतो. तोक्योस जाणाऱ्या वाचकांनी तो ताजा असतानाच खावा.