'पुट ऑन' आणि 'वेअर'
मराठी माणूस धोतर नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो व शाल पांघरतो. इंग्रजींत या चारही क्रियांना 'पुट ऑन' पुरतें. म्हणून नाशिकच्या नवशिक्यास काम सोपें वाटतें. परंतु खरी मेख पुढेंच आहे. येवल्याची पैठणी अंगावर चढविणें हें 'पुट ऑन'; ती नेसून लग्नांत दिवसभर वावरणें हें 'वेअर'. मराठींत दोहोंस 'नेसणें'च चालतें. त्यामुळें सदऱ्याचीं बटणें लावीत असतां कोणी 'आय अ‍ॅम वेअरिंग माय शर्ट' म्हटलें, तर इंग्रजी जाणणारा तो तयारच आहे असें समजतो. तेव्हां वस्त्रांच्या नांवांची नुसती यादी घोकूं नये; प्रत्येक नांव क्रियापदासह, पुऱ्या वाक्यांत शिकावें.