यादी वाचली, सरकार झालं

राजा पळाल्यावर आदेश कुणाचा मानायचा? 24 फेब्रुवारी 1848 रोजी पॅरिसपुढे हाच प्रश्न होता. लुई फिलिपने नऊ वर्षांच्या नातवासाठी गादी सोडली. त्या पोराला घेऊन त्याची आई संसदेत आली खरी, पण तोवर जमाव सभागृहात शिरला होता. ऐंशी वर्षांच्या द्युपाँ द ल'एर यांना अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं आणि त्या गोंगाटात हंगामी सरकारसाठी नावांची यादी वाचली गेली. गर्दीचा होकार-नकार, एवढंच काय ते मतदान.

कवी लामार्तीन, खगोलशास्त्रज्ञ आरागो, वकील लेद्रू-रोलँ असे मिळून सात जण ठरले. पण संसदेत ठरून भागणार नव्हतं. 1830 च्या क्रांतीतही डाव फिरला होता तो नगरभवनात, म्हणून मंडळी तिकडे निघाली. तिथे 'ला रेफॉर्म' या वृत्तपत्राच्या कचेरीत ठरलेली दुसरी यादी हजर! तिच्यातल्या चौघांना आधी नुसतं 'सचिव' म्हणून सामावून घेतलं. ते बिरुद लवकरच गळून पडलं. या चौघांत अल्बेर होता. फर्मानांखाली त्याच्या नावापुढे 'कामगार' असं छापलं जाई.

संविधान नाही, सभागृह नाही. सह्या करायच्या, छापायचं, भिंतीवर डकवायचं, झाला कायदा. राजकीय गुन्ह्यांसाठीची मृत्युदंडाची शिक्षा अशीच गेली आणि 27 एप्रिलला वसाहतींतली गुलामगिरीही.

पैशाची सोय मात्र फर्मानाने होत नाही. तिजोरी रिकामी, म्हणून मार्चमध्ये प्रत्यक्ष करांवर फ्रँकमागे 45 सांतीम जादा लावले. वीस फ्रँक भरणाऱ्या शेतकऱ्याला आता एकोणतीस. गावाकडे प्रजासत्ताक पोचलं ते वसुलीच्या रूपात. आणि याच सरकारने त्याच महिन्यात एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मताधिकार दिला होता! मतदार अडीच लाखांच्या आसपास होते, ते नव्वद लाखांवर गेले. बहुतेक खेड्यांतले. माझ्या मते सरकारने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला तो इथेच. पण मत मागायला जायचं तर मत द्यावंच लागतं.

23 एप्रिलच्या निवडणुकीत नेमस्त आणि परंपरावादी भरघोस निवडून आले. 4 मे रोजी ही निवडून आलेली सभा भरली, हंगामी सरकारने सत्ता तिच्या हवाली केली. सभेने पाच जणांची कार्यकारी समिती नेमली. पाचही जण पहिल्या यादीतले. अल्बेर त्यात नव्हता.